टोबरमोरीचा पावसाळी मुक्काम : एक दिवस, दोन पुस्तके

प्रवासवर्णनाचा वाचक पावसाचे दिवस भराभर उलटतो आणि लेखकही त्याला बहुधा तशी मुभा देतो. पाऊस लागला, होडी सुटली नाही, दिवसभर बिऱ्हाडी बसून राहिलो, एवढ्या एका वाक्यात चोवीस तास निकालात निघतात. पुढच्या परिच्छेदात ऊन पडलेले असते आणि गलबत मार्गस्थ झालेले असते. इंग्रजीतील दोन जुन्या पुस्तकांनी मात्र हा रिवाज पाळलेला नाही. सॅम्युएल जॉन्सन आणि जेम्स बॉस्वेल या दोघांनी १७७३ च्या ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत स्कॉटलंडचा वायव्य भाग व त्यालगतची हेब्रिडीज बेटे पाहिली आणि दोघांनीही त्यावर स्वतंत्र पुस्तके लिहिली. जॉन्सनचे ‘अ जर्नी टू द वेस्टर्न आयलंड्स ऑफ स्कॉटलंड’ १७७५ च्या जानेवारीत निघाले; बॉस्वेलचे ‘द जर्नल ऑफ अ टूर टू द हेब्रिडीज’ त्यानंतर दहा वर्षांनी, १७८५ साली. प्रवास एकच, मुक्काम तेच, पाऊसही तोच. माझे म्हणणे असे की, या दोन पुस्तकांतील उत्तम भाग त्यांच्या अडकून पडलेल्या दिवसांतून आलेला आहे, आणि त्यातही टोबरमोरी या लहानशा बंदरातील १५ ऑक्टोबर १७७३ हा एक दिवस दोन्ही पुस्तकांतून शेजारी शेजारी ठेवून वाचला, तर दोघांच्या दृष्टीतील अंतर जितके स्पष्ट दिसते तितके इतरत्र क्वचितच दिसते.

काळाचा अंदाज यावा म्हणून एक गोष्ट सांगून ठेवतो. ज्या ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्यात शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, त्याच दिवशी ही जोडी इन्व्हरनेस सोडून घोड्यांवरून लॉख नेसच्या काठाने डोंगराळ मुलुखात शिरली. तिथून पुढे चाकाची गाडी नाही, बेटांवर नीटसे रस्ते नाहीत. जॉन्सन चौसष्ट वर्षांचा, देहाने अवाढव्य, डोळ्यांनी अधू. बॉस्वेल बत्तीस वर्षांचा, एडिंबरोचा वकील, उत्साही आणि थोडा भित्रा.

टोबरमोरीला ते कसे पोहोचले हे सांगितल्यावाचून त्या दिवसाची चव कळणार नाही. स्काय बेटाच्या दक्षिणेस आर्माडेल येथे वाऱ्याची वाट पाहून ३ ऑक्टोबरला ते गलबतात बसले. जायचे होते मल् बेटावर. बरोबर कॉल बेटाच्या मॅक्लीन घराण्याचा तरुण वारस होता. त्याला सगळे जण बेटाच्याच नावाने ‘कॉल’ म्हणत. वाटेत वादळाने गाठले, अंधार पडला, तांडेलाला दिशा उमगेना, आणि शेवटी मलचा नाद सोडून गलबत कॉल बेटाच्या आश्रयाला न्यावे लागले. जॉन्सनला समुद्र लागला होता. तो खाली पडून होता आणि त्याच्या पाठीशी ऊब द्यायला कॉलचा शिकारी कुत्रा होता. बॉस्वेल वर डेकवर भीतीने अर्धमेला झाला होता. ‘मी काही मदत करू का?’ असे त्याने विचारताच कॉलने डोलकाठीच्या शेंड्याला बांधलेली एक दोरी त्याच्या हाती दिली आणि मी सांगेपर्यंत ही घट्ट धरून ठेवा, असे बजावले. बॉस्वेलने ती इमानाने धरली. त्या दोरीचा गलबताला काडीचाही उपयोग नव्हता आणि आपल्याला वाटेतून दूर ठेवून आपली भीती कामाला लावण्याची ती युक्ती होती, हे त्याला मागाहून उमगले. आणि उमगले ते त्याने छापलेही. स्वतःचे हसे करून घेण्याची ही तयारी जॉन्सनपाशी नाही. त्याच्या पुस्तकात ती सारी रात्र चारदोन वाक्यांत संपते : मला समुद्र लागला, मी आडवा झालो, बॉस्वेल वर होता.

कॉलवर दहाएक दिवस गेले. वारा उलटा, पाऊस चालूच. एका रात्री जॉन्सन हाती तलवार नि ढाल घेऊन खोलीत ऐटीत फिरला. दुसऱ्या रात्री बॉस्वेलने त्याच्या केसाळ टोपावर डोंगरी लोकांची निळी टोपी चढविली आणि तो एखाद्या म्हाताऱ्या भाटासारखा दिसू लागला. अखेर १४ ऑक्टोबरला अनुकूल वारा मिळाला आणि ते टोबरमोरीला लागले. समोर आडवे बेट, भोवती टेकड्यांचे कडे, आत निवांत पाणी आणि नांगर टाकून उभी असलेली बाराचौदा गलबते. आज पर्यटकांच्या छायाचित्रांत दिसते ती रंगीत घरांची ओळ तेव्हा नव्हती. मत्स्यव्यवसायासाठी गाव वसविले गेले ते पुढे १७८८ मध्ये. तेव्हा होते ते फक्त बंदर, आणि बंदरापासून जवळच डॉक्टर मॅक्लीन यांचे घर. कॉलने पाहुण्यांना तिकडे नेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचे होते. पण वादळी वारा आणि पाऊस असा सुरू झाला की, पुढच्या वाटेवरचे ओढे-नद्या उतरण्याजोगे राहिले नाहीत. बॉस्वेल चडफडला. जॉन्सन मात्र शांत. वास्तविक या बेटांवरच्या कोंडवाड्याला कंटाळून, आयुष्य फुकट चालले आहे असे त्याने याआधी बोलून दाखविले होते. आता त्याचे म्हणणे असे की, मुख्य भूमीवर पत्रे धाडण्याची सोय झाली, आता मला घाई नाही. मौज अशी की, पत्रे नेणारा गृहस्थ इतक्यात निघणारच नव्हता. हे दोघे आणि ती पत्रे बहुधा एकाच वेळी पोहोचणार होती. बॉस्वेलला हे कळले होते. त्याने सांगितले नाही. मित्राला त्याच्या समाधानात राहू दिले. जॉन्सनला ही नोंद छापील पुस्तकात वाचण्याची वेळ आली नाही, कारण तो १७८४ च्या डिसेंबरात वारला आणि पुस्तक पुढच्या वर्षी निघाले. पण या लहानशा लबाडीत मैत्रीचा जो ओलावा आहे, तो बॉस्वेलच्या पुढच्या मोठ्या चरित्रग्रंथातील कितीतरी प्रशस्तिपर पानांत मला सापडत नाही. पत्र गेले या कल्पनेवरच माणूस निवांत होतो. पत्र खरोखर जाण्याशी त्या निवांतपणाचा संबंध नसतो. दूर देशी राहून गावाकडे पत्रे धाडलेल्या घराण्यांना हे निराळे सांगावयास नको.

मग दिवस घरात गेला. डॉक्टरांच्या कन्येने, मिस मॅक्लीन हिने, स्पिनेट वाजवून गाणी म्हटली. हे वाद्य १६६७ साली बनविलेले, म्हणजे त्या दिवशी एकशे सहा वर्षांचे, तरीही सुरेल होते. जॉन्सनला संगीताचे अंग नव्हते; ढोल आणि तुतारी यांतला फरक कळतो, एवढीच आपली मजल असे त्याने स्काय बेटावर सांगून टाकले होते. तरी तो खूश दिसला. मी गाणेबजावणे शिकलो असतो तर दुसरे काही केलेच नसते, विचाराचे कष्ट न घेता मन गुंतविण्याची ती रीत आहे, असा काहीसा त्याचा अभिप्राय. संध्याकाळी त्याने डॉक्टरांची पुस्तके मागितली आणि विलिस या वैद्याचा पशूंच्या आत्म्याविषयीचा लॅटिन ग्रंथ काढून त्यात डोके घातले. पाऊस आणि परक्या घरातले अनपेक्षित पुस्तक यांचे नाते जुनेच आहे.

पण त्या दिवसाचा गाभा वेगळा आहे. मिस मॅक्लीनने मल् बेटावरच्या जॉन मॅक्लीन नावाच्या कवीची गेलिक कवने काढली. हा कवी निरक्षर होता. तिने दोन कविता वाचल्या आणि त्यांचा अर्थ इंग्रजीत सांगितला. एक, सर जॉन मॅक्लीन यांना १७१५ च्या बंडानंतर देश सोडून जावे लागले त्याबद्दलचे विलापगीत. दुसरी, दोन कॅथलिक बहिणींचा संवाद, जोगीण व्हावे की लग्न करावे असा. बॉस्वेल लिहितो की, भाषांतरात मला फारसे काव्य दिसले नाही. इथे तो थांबला असता तर तो सामान्य लेखक ठरला असता. तो पुढे नोंदवितो की, बैठकीतले जे जे लोक ती भाषा जाणत होते ते ते मूळ ऐकून मोहून गेलेले दिसले. आपल्याला जे कळले नाही त्याचा पुरावा दुसऱ्यांच्या चेहऱ्यावर पाहून तो लिहून ठेवणे, ही बॉस्वेलची खरी शक्ती.

याच दिवसाचे जॉन्सनच्या पुस्तकात काय झाले? तिथे पाऊस जवळजवळ नाही, पत्राची गंमत नाही, स्पिनेट नाही. आहे ते मिस मॅक्लीनविषयीचे एक भरीव वाक्य. त्यातून कळते की, ती जन्मली आणि वाढली ग्लासगोत. वडिलांबरोबर मलला आली. गेलिक भाषा तिला लहानपणापासूनची नव्हती, ती तिने अभ्यासाने मिळविली. आणि गेलिक कवितेचा अर्थ सांगू शकणारे तेवढे एकच माणूस जॉन्सनला साऱ्या प्रवासात भेटले. बॉस्वेलने या स्त्रीचे कौतुक जॉन्सनच्या तोंडून वदविले आहे : फ्रेंच येते, संगीत येते, चित्रे काढते, शिवण नेटके, शिंपल्यांचे नक्षीकाम करते आणि गाईचे दूधही काढते. पण ती भाषा तिने कशी मिळविली, ही सर्वांत मोलाची माहिती जॉन्सनच्या त्या वाक्यामुळे आपल्याला मिळते. तेव्हा जॉन्सनने तो दिवस वाया घालविला, असे म्हणण्यात अर्थ नाही. त्याने तो पिळून एक थेंब ठेवला. बॉस्वेलने दिवस तसाच भांड्यात भरून आणला.

जॉन्सनच्या पद्धतीविषयी थोडे अधिक बोलावयास हवे, कारण आपल्याकडे इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासात त्याला बॉस्वेलच्या चरित्राचा नायक म्हणून ओळखतात आणि लेखक म्हणून बाजूला ठेवतात. त्याच्या प्रवासवर्णनातील सर्वांत लांब प्रकरण स्काय बेटावरच्या ऑस्टिग या ठिकाणाचे आहे. ऑस्टिगला घडले काय? काहीच नाही. एका धर्मोपदेशकाच्या घरी हवामान सुधारण्याची वाट पाहत ते काही दिवस बसले. पण त्या प्रकरणात बेटांची शेती, पावसात भिजत पडलेले ओटचे पीक, जमीनदार आणि कुळे, शस्त्रबंदी, देशांतर, अतींद्रिय दृष्टी आणि गेलिक भाषा असे सगळे विषय येऊन बसले आहेत. तारखा गाळून त्याने साऱ्या ओल्या दिवसांचा विचार एका ठिकाणी साठविला आहे. आणि त्याची नजर नेहमी क्षुद्र वस्तूंवर. स्कायमध्ये पत्रासाठी शाई मिळायला त्रास पडला. बाईची सुई मोडली की काम खोळंबते. म्हणून बेटावर एक साधे दुकान असणे म्हणजे सुखदुःखाचे पारडे फिरणे आहे, असे तो सांगतो. बान्फ या बंदरगावी तर तो खिडक्या नीट उघडत नाहीत याची चर्चा करतो आणि वाचक हसेल म्हणून लगेच समर्थन देतो, की माणसाचे बहुतेक आयुष्य अशाच बारीकसारीक गरजा आणि गैरसोयी यांत जाते, लोकांची खरी स्थिती तिथेच मोजावी. माझ्या मते हे त्याच्या गद्यातील सर्वांत शहाणे पान आहे. लंडनच्या ऊबदार खोलीत ते सुचले नसते.

मात्र गेलिक भाषेच्या बाबतीत हा शहाणपणा त्याला सोडून जातो, आणि इथे टोबरमोरीचा दिवस त्याच्याविरुद्ध साक्ष देतो. पार्श्वभूमी अशी : जेम्स मॅकफर्सनने १७६० पासून ‘ऑसियन’ नामक प्राचीन गेलिक कवीची म्हणून भाषांतरे प्रसिद्ध केली, ‘फिंगल’ व ‘टेमोरा’ ही दीर्घकाव्ये त्यांतलीच. साऱ्या युरोपाने ती डोक्यावर घेतली. जॉन्सनने विचारले, मूळ हस्तलिखिते कुठे आहेत? ती कधी दाखविली गेली नाहीत, आणि त्या काव्यांचा पुष्कळ भाग मॅकफर्सनची स्वतःची रचना होती हे आज बहुतेक सर्व अभ्यासक मानतात. तिथे जॉन्सन जिंकला. पण विजयाच्या भरात तो पुढे गेला. गेलिक भाषा कधी लिहिलीच गेली नाही, तिचे शंभर वर्षांपूर्वीचे हस्तलिखित जगात नाही, आणि जी भाषा लिहिली जात नाही ती घासूनपुसून निघत नाही, तिच्यात मोठे वाङ्मय साठू शकत नाही, असे त्याने ठोकून दिले. पहिले विधान वस्तुस्थितीला धरून नाही. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात पर्थशायरमध्ये संकलित झालेले ‘लिस्मोरच्या डीनचे पुस्तक’ तेव्हाही अस्तित्वात होते, आणि त्यात गेलिक कवितांचा मोठा साठा आहे. दुसऱ्या विधानाचे उत्तर देण्यासाठी तर पुस्तकाचीही गरज नव्हती. अक्षरओळख नसलेल्या कवीच्या रचना एका खोलीत म्हटल्या गेल्या, ऐकणारे हेलावले आणि जॉन्सन त्याच खोलीत बसलेला होता.

मराठी वाचकाला हा मुद्दा समजावून द्यावा लागत नाही. बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हते. १९५२ साली त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली नसती तर जॉन्सनच्या कसोटीने ती नव्हतीच. आणि जात्यावरची ओवी कुणाच्या हस्तलिखिताची वाट पाहत थांबली होती?

तरीही जॉन्सनला गेलिकचा शत्रू ठरविणे अन्यायाचे होईल. १७६६ साली, गेलिकमध्ये बायबलचे भाषांतर होऊ नये, म्हणजे ती भाषा लवकर मरेल आणि हे डोंगरी लोक एकदाचे इंग्रज होतील, असा मतप्रवाह होता. तेव्हा जॉन्सनने एडिंबरोच्या एका ग्रंथविक्रेत्याला पत्र लिहून या मताचा कडक समाचार घेतला. गेलिक नवा करार दुसऱ्याच वर्षी प्रसिद्ध झाला. प्रवासवर्णनातही तो खेदाने लिहितो की, पराभवानंतर या लोकांपाशी भाषा आणि दारिद्र्य एवढेच उरले, आणि आता भाषेवरही चहूकडून घाला येत आहे. शाळा काढल्या जातात त्या फक्त इंग्रजीच्या. म्हणजे भाषा जगावी असे त्याला वाटते. तिच्यात काही थोर आहे असे मात्र वाटत नाही. दया आहे, आदर नाही. हा भेद सूक्ष्म असला तरी परप्रांतात राहणाऱ्या कोणत्याही भाषिक समाजाला तो चटकन ओळखू येतो. आपल्या भाषेचे कार्यक्रम जरूर करा, असे म्हणणारे आणि त्या कार्यक्रमाला येऊन न बसणारे सज्जन आपण पाहिलेले आहेत.

मिस मॅक्लीन मला म्हणूनच या साऱ्या प्रवासातील सर्वांत महत्त्वाची व्यक्ती वाटते. फ्लोरा मॅकडोनल्डसारख्या इतिहासप्रसिद्ध बाईपेक्षाही. शहरात वाढलेली मुलगी. घरची भाषा तोंडात नाही. ती बेटावर येऊन शिकते, आणि इतकी शिकते की निरक्षर कवीची कवने पाहुण्यांना शब्दशः उलगडून सांगू शकते. इंदूर-बडोद्याच्या जुन्या घरांत आता तिसऱ्या-चौथ्या पिढीची मुले मराठी अशीच शिकतात. ती आजीकडून आपोआप येत नाही, बसून मिळवावी लागते. अशा मिळविलेल्या भाषेला आपण थोडे कमी लेखतो, उच्चार परका लागतो म्हणून हसतोही. टोबरमोरीला मात्र त्या घरातल्या कवितेला पाहुण्यांपर्यंत नेणारी तीच होती.

बॉस्वेलचे पान जॉन्सनच्या पानापेक्षा सरस आहे, असे माझे मत या दिवसापुरते तरी पक्के आहे. जॉन्सनला जे पटते ते तो लिहितो. बॉस्वेल जे घडते ते लिहितो आणि आपल्या निकालाशी ते जुळले नाही तरी खोडत नाही. स्कायवरच्या एका यजमानीणबाईंनी सांगितलेली हकिगत त्याने अशीच टिपली आहे : आदल्या वर्षी पोर्ट्री बंदरातून अमेरिकेला जाणारे जहाज सुटले, तेव्हा किनाऱ्यावरची माणसे जमिनीवर लोळून दातांनी गवत उपटत होती, यंदा कोणी डोळ्यांतून टिपूस काढले नाही, कारण आपणही लवकरच जाणार असे सर्वांना वाटत होते. देशांतरावर जॉन्सनने केलेले विवेचन उत्तम आहे, परंतु त्यात हे गवत नाही. हे सारे बॉस्वेलने प्रवासात असतानाच वह्यांत लिहिले होते. जॉन्सन त्या वह्या वाटेत वाचीतही असे. छापताना एडमंड मलोनच्या मदतीने त्याने मजकुरावर हात फिरविला. मूळ हस्तलिखित १९३० मध्ये डब्लिनजवळच्या मॅलहाइड किल्ल्यात क्रोकेच्या खेळाच्या पेटीत सापडले आणि १९३६ साली प्रसिद्ध झाले.

बॉस्वेललाही एक दोष द्यावाच लागेल. दिवसभर पाऊस होता, हाताशी कागद होता, अर्थ सांगणारी समोर होती. त्याने दोन्ही कवितांचे विषय तेवढे लिहिले. मिस मॅक्लीनने सांगितलेले शब्द त्याने उतरवून घेतले नाहीत. दोन ओळीदेखील नाहीत. स्पिनेटचे साल मात्र लिहिले.

१६ तारखेला ते घोड्यांवरून मल् बेट ओलांडू लागले. त्या दिवशी जॉन्सनची ओकच्या लाकडाची काठी हरवली. मोजमापासाठी तिच्यावर एका फुटाला आणि एका यार्डाला खिळ्याची खूण केलेली होती, आणि प्रवासभर त्याने तिने वस्तू मोजल्या होत्या. काठी ज्याच्याकडे दिली होती त्याने ती चोरली नसेल, असे बॉस्वेल परोपरीने सांगू लागला; पण या वृक्षहीन बेटावर एवढ्या लाकडाचे मोल काय असेल ते लक्षात घ्या, असे म्हणून जॉन्सन संशयाला चिकटून राहिला. ज्याने त्यांना कॉलवर सांभाळले, टोबरमोरीला आणले आणि त्या पावसाच्या दिवशी सोबत केली, तो तरुण कॉल थोड्याच दिवसांनी त्यांचा निरोप घेऊन परतला. पुढच्या वर्षी, १७७४ मध्ये, अल्व्हा आणि इंच केनेथ या दोन बेटांमधल्या चिंचोळ्या पाण्यात तो बुडाला. जॉन्सनचे पुस्तक तेव्हा तयार होत होते. त्याने त्यात एक वाक्य वाढविले.